पाळी जाताना शरीरात नेमके काय घडते?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक निर्णय जाहीर केला. पाळी जाण्याच्या काळात स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या औषधांवर हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा जो ठळक चौकटीतला इशारा वीसहून अधिक वर्षे छापला जात होता, तो काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू झाली. काही तज्ज्ञांनी त्याचे स्वागत केले, काहींना तो घाईचा वाटला. आपल्याकडे मात्र या बातमीचे तुकडे मोबाइलवरून फिरले आणि त्यांतून दोन टोकांचे निष्कर्ष निघाले. ‘ही औषधे आता पूर्ण सुरक्षित आहेत’ असे एका निरोपात होते, तर ‘औषध कंपन्यांच्या दबावापुढे सरकार नमले’ असे दुसऱ्यात. या दोन्ही निरोपांवर विश्वास ठेवण्याआधी, ज्यासाठी हे औषध घ्यायचे किंवा टाळायचे आहे ती अवस्था म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आटत जाणारी विहीर

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन ते चार लाखच उरतात आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत जेमतेम चारशे ते पाचशे बीजे पिकून बाहेर पडतात. बाकीची आतल्या आत जिरून जातात. नवा साठा तयार होत नाही. पिकणाऱ्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात. संप्रेरक म्हणजे एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवांना हुकूम पोहोचवणारे रसायन. बीजांचा साठा संपत आला की हा हुकूम देणाराच थकतो.

येथे एक गैरसमज हमखास होतो. दिव्यातील तेल संपत जावे तसे इस्ट्रोजेन हळूहळू, सरळ रेषेत कमी होत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जे घडते ते उन्हाळ्यातील विहिरीसारखे असते. विहिरीचे पाणी खाली गेले की मोटर अधिक वेळ चालवावी लागते. मग नळातून कधी भसकन पाणी येते, कधी नुसती हवा फुसफुसते, तर कधी दोन दिवस काहीच येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ही ती मोटर होय. बीजांडकोश दाद देईनासे झाले की ती आपले संप्रेरक अधिकाधिक सोडते आणि त्या रेट्याने इस्ट्रोजेन कधी एकदम उसळते, कधी तळ गाठते. म्हणूनच या काळात एखाद्या महिन्यात पाळी पंधरा दिवसांतच येते, पुढे दोन महिने येत नाही आणि मग आली की इतके अंगावरून जाते की घराबाहेर पडणे नको होते. त्रास केवळ इस्ट्रोजेन कमी झाल्याचा नसतो, ते बेभरवशाचे झाल्याचाही असतो.

या चढउतारांच्या काळाला संक्रमणकाळ म्हणतात. तो बहुधा चार वर्षे टिकतो, काही जणींत आठ वर्षेही. सलग बारा महिने पाळी आली नाही, की मागे वळून ‘ती शेवटची पाळी होती’ असे म्हणता येते आणि त्यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांत हे सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. याचा अर्थ असा, की परदेशी संकेतस्थळांवर पंचेचाळिशीनंतर सुरू होतात म्हणून सांगितलेल्या तक्रारी आपल्याकडच्या अनेक स्त्रियांना चाळिशी ओलांडतानाच जाणवू लागतात आणि ‘एवढ्यात कसे असेल’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र ती अकाली मानून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे.

राखणदाराची शिट्टी

सर्वांत ओळखीची तक्रार म्हणजे गरम वाफा येणे. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेने मला तिचे वर्णन फार नेमके सांगितले होते. डिसेंबरातील सकाळ, वर्गात मुले स्वेटर घालून बसलेली, आणि फळ्यावर गणित लिहिताना छातीच्या मधोमध कोणी निखारा ठेवल्यासारखे वाटले. तो ताप मानेवरून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढला, हातातील खडू घामाने ओला झाला, काळीज धडधडू लागले. दोन-तीन मिनिटांत सारे ओसरले आणि मग अंगावर काटा येऊन थंडी वाजली. मुलांकडे पाठ होती म्हणून बरे, एवढेच तिच्या मनात आले.

मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते. सोसायटीच्या फाटकावरील राखणदारासारखे त्याचे काम. एरवी तो शहाणा असतो. तापमान अर्धा-पाऊण अंशाने इकडे तिकडे झाले तरी तो उठत नाही. इस्ट्रोजेनचा आधार डळमळला की याच राखणदाराची झोप उडते आणि मांजर आडवे गेले तरी तो जोराने शिट्टी फुंकतो. चहाचा घोट, तव्यासमोरची धग, एखादा ताणाचा क्षण एवढे निमित्त पुरते. शिट्टी वाजली की शरीर ‘उष्णता बाहेर काढा’ या कामाला लागते: त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. प्रत्यक्षात काढून टाकण्याजोगी उष्णता नसतेच, त्यामुळे शरीर गरजेपेक्षा थंड होते आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. म्हणजे हा ताप नव्हे, खोटी वर्दी आहे.

हेच रात्री घडले की गाऊन भिजून जाग येते. एका रात्रीत असे तीन-चार वेळा झाले, तर दुसऱ्या दिवशीची चिडचिड, विसराळूपणा आणि अंगदुखी यांचा निम्मा खुलासा तेथेच होतो. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास टिकण्याचा मधला कालावधी सात वर्षांहून थोडा अधिक आढळला. ‘सहा महिने कळ काढ, आपोआप जाईल’ हा सल्ला म्हणूनच फारसा खरा नाही.

ज्या तक्रारींचा पाळीशी संबंध जोडला जात नाही

ती शिक्षिका आधी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेली होती. हृदयाचा आलेख ठीक निघाला, रक्तातील साखर ठीक निघाली. मग बोटांचे सांधे सकाळी आखडतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे आणि शेवटी झोप येत नाही म्हणून आणखी एका दवाखान्यात, जेथे तिला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. चार महिन्यांत तीन फाइली झाल्या, पण तिच्या पाळीच्या तारखा कोणी विचारल्या नाहीत आणि तिनेही सांगितल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कालनिर्णयावर मात्र लाल पेनने केलेली वर्तुळे होती: एक ३ तारखेला, दुसरे त्याच महिन्यात २१ ला, नंतर दोन पाने कोरी.

इस्ट्रोजेनचा हुकूम ऐकणाऱ्या पेशी केवळ गर्भाशयात नसतात. मेंदू, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, मूत्राशय अशा सगळीकडे त्या असतात. म्हणूनच तक्रारी एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या विखरून येतात. धडधड, सांधे धरणे, केस विरळ होणे, नेमका शब्द न आठवणे, कारण नसताना रडू येणे या सगळ्या त्यांत मोडतात. शब्द न आठवण्याने अनेक जणी फार घाबरतात. हा स्मृतिभ्रंश नव्हे आणि बहुतेकींत तो पुढे सुधारतो. ज्यांना पूर्वी बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी नैराश्य आले होते, त्यांनी मात्र मनाच्या तक्रारी अधिक गांभीर्याने घ्याव्यात. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ते पाळीच्या खात्यावर टाकून थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

एक तक्रार अशी आहे, की जी मैत्रिणींतही बोलली जात नाही. योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तेथे आग होते, संबंधांच्या वेळी दुखते, लघवी धरवत नाही आणि लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो. वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा कोरडेपणा मात्र उपचार केला नाही तर वाढत जातो. दुर्दैव असे, की सर्वांत सोपा उपचार याच तक्रारीवर आहे. जागच्या जागी लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमातून रक्तात फारच थोडा अंश जातो. ते नको असेल त्यांना संप्रेरक नसलेली, ओलावा टिकवणारी मलमेही मिळतात. पतीला टाळत राहण्यापेक्षा, आणि दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांचा डोस घेण्यापेक्षा, डॉक्टरांसमोर एक अवघड वाक्य उच्चारणे खरोखर सोपे आहे.

रक्त तपासून कळत नाही का?

पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीला तक्रारी असतील आणि पाळी अनियमित असेल, तर रजोनिवृत्ती ओळखण्यासाठी संप्रेरकांची महागडी तपासणी बहुधा लागत नाही. कारण वर पाहिले तेच: नळाला पाणी कधी भसकन येते, कधी येत नाही. ज्या दिवशी रक्त काढले त्या दिवशीचा आकडा पुढच्या आठवड्याविषयी काही सांगत नाही. त्याऐवजी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते, कारण थायरॉइडचे बिघाड आणि रक्तक्षय थकवा, धडधड, घाम, केस गळणे अशा हुबेहूब याच तक्रारी निर्माण करतात. सगळेच पाळीवर ढकलणे ही उलट बाजूची चूक आहे. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहत नाही असे नाही. पन्नाशीच्या आत असल्यास शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन सुरू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

पिशवी काढली की कटकट संपते का?

महाराष्ट्रात हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येणार नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. पाळीत काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात, अंगावरून जाणे थांबत नाही, फडाजवळच्या झोपडीत पाण्याची आणि आडोशाची सोय नाही, आणि ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कर्करोग होईल’ असे कोणी सांगितले, तर ती स्त्री दुसरे काय करणार?

शरीराच्या दृष्टीने यातील फरक समजून घेण्यासारखा आहे. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजांडकोश इस्ट्रोजेन तयार करीत राहतात. रजोनिवृत्ती मात्र तुलनेने लवकर येण्याची शक्यता वाढते. गर्भाशयासोबत दोन्ही बीजांडकोशही काढले, तर जी विहीर आठ-दहा वर्षांत आटायची ती एका दुपारीत बुजवली जाते. अशा स्त्रीला बत्तिसाव्या वर्षी वाफा, निद्रानाश आणि हाडांची झीज या सगळ्यांना एकदम तोंड द्यावे लागते, आणि तेही डोक्यावर मोळी वाहताना. तिच्या हातात डिस्चार्जचा कागद नसेल तर आत काय शिल्लक आहे हे तिलाही ठाऊक नसते, आणि पाळीच नसल्याने कॅलेंडरचाही उपयोग नाही. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीने बीजांडकोश ठेवले की काढले, हे रुग्णालयाकडून लेखी मागून घ्यावे. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढले असतील, तर काही वैद्यकीय अडचण नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. तो ज्यांना सर्वाधिक गरजेचा आहे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो.

हाडांमधील दोन टोळ्या

हाड म्हणजे एकदा बांधून सोडलेली भिंत नव्हे. त्यात सतत दुरुस्ती चालू असते: पेशींची एक टोळी जुना भाग फोडते, दुसरी नवा गिलावा भरते. इस्ट्रोजेन हा फोडणाऱ्या टोळीवरचा मुकादम आहे. मुकादम निघून गेला की फोडणारे सुसाट सुटतात आणि भरणारे मागे पडतात. पाळी गेल्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. यात काहीही दुखत नाही, हीच अडचण. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडते तेव्हा पहिली बातमी कळते.

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम आणि ग्लासभर दुधात अडीचशेच्या जवळपास मिळते. दही, तीळ आणि काट्यांसकट खाल्लेली छोटी सुकी मासळी यांचीही भर पडते. एवढे करून कमी पडेल तेवढेच गोळीने भरावे. ड जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शियम नीट शोषले जात नाही. चालणे हृदयाला चांगले, पण हाडांना वजन पेलण्याचा व्यायाम लागतो. पाण्याच्या बाटल्या उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जिने चढणे यापासून सुरुवात करता येते. दिवसभर घरकाम करणारी स्त्री ‘मला वेगळा व्यायाम कशाला’ म्हणते. घरकामाने दमणूक पुरेशी होते, मात्र स्नायू आणि हाडे यांवर क्रमाक्रमाने वाढता भार पडत नाही.

संप्रेरकांनी कर्करोग होतो ना?

आता सुरुवातीच्या बातमीकडे वळू. २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रचंड संशोधनाचा एक भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला. १६ हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या गटात इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचे दुसरे संप्रेरक घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. ‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ असे मथळे झळकले आणि जगभरात लाखो स्त्रियांनी औषध सोडले. हा आकडा गावाच्या भाषेत मांडला तर वेगळा दिसतो. दहा हजार स्त्रियांचे एक गाव धरा. औषध न घेता तेथे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग होत होता, औषध घेतल्यावर ३८ जणींना. वाढ खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण ती दहा हजारांत आठ आहे. ज्यांचे गर्भाशय आधीच काढलेले होते आणि ज्यांनी केवळ इस्ट्रोजेन घेतले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट पुढील वर्षांत कमी आढळला.

याहून महत्त्वाची गोष्ट मथळ्यांत आलीच नाही. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेली होती. वाफांनी हैराण झालेली ४८ वर्षांची स्त्री आणि ६३ वर्षांची स्त्री यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात. आज सर्वसाधारण मत असे आहे, की साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी उपचार सुरू केला, तर त्रासदायक वाफा असणाऱ्या निरोगी स्त्रीला फायदा धोक्यापेक्षा अधिक असतो. औषधेही बदलली आहेत. त्वचेवर चोळायच्या इस्ट्रोजेनच्या जेलमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळ्यांच्या तुलनेत कमी असतो. गर्भाशय शाबूत असेल तर मात्र गोळ्यांतले किंवा जेलमधले इस्ट्रोजेन एकटे कधीही घेऊ नये. त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो आणि तो इशारा अमेरिकेनेही कायम ठेवला आहे. ज्यांना स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग सामान्यतः नाही. वाफांवर संप्रेरक नसलेली औषधेही आहेत, काही नैराश्यावरील औषधे अल्प मात्रेत त्यासाठी वापरली जातात. विचार आणि झोपेच्या सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग सिद्ध झालेला आहे. शतावरी किंवा सोयाबीनचे अर्क यांची जाहिरात जोरात असली, तरी त्यांच्या बाजूचा पुरावा आजवर तुटपुंजाच आहे.

‘आमच्या आईने कुठे औषध घेतले होते?’

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. दर दहांपैकी काही जणींना फारसा त्रास होतच नाही. त्यांनी काहीही घेऊ नये. परंतु आईने घेतले नाही, म्हणजे तिला त्रास नव्हता असे होत नाही. ‘हिचा स्वभावच तापट झाला’, ‘हिचे डोकेच फिरले’ ही जी वाक्ये घरोघर ऐकू येत, त्यांमागे किती निद्रानाश होता हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याला सोशिकपणा म्हणतात. शिवाय पाळी गेल्यावर विटाळ सुटतो, देवळात आणि स्वयंपाकघरात मोकळेपणाने वावरता येते, म्हणून अनेक जणींना हा टप्पा हवासाही वाटे. ती सुटका आणि हा त्रास एकाच शरीरात एकाच वेळी असू शकतात. नैसर्गिक म्हणून औषध नको, हा नियम आपण साठीतील चष्म्याला लावत नाही.

सौम्य त्रासात मात्र आधी औषधाविना करण्याजोगे बरेच असते. सुती आणि सुटे कपडे, रात्री हलके पांघरूण, संध्याकाळनंतर चहा बंद, वजन जास्त असल्यास ते थोडे तरी कमी करणे यांनी फरक पडतो. धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षे लवकर जाते. आणि मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे, ती दात घासण्याची पूड नव्हे.

वाट पाहू नये अशी एक गोष्ट

सलग बारा महिने पाळी न आल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, मग ते एका थेंबाएवढे का असेना, तर त्याला ‘पाळी परत आली’ म्हणू नये. अशा दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा नमुना तपासणे, एवढ्याने बहुतेक वेळा उलगडा होतो.

बाकीच्या तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन महिन्यांची नोंद सोबत न्यावी: पाळीच्या तारखा, रक्तस्राव किती, वाफा दिवसातून किती वेळा, रात्री किती वाजता जाग येते, घरात आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग किंवा मांडीचे हाड मोडण्याचा इतिहास आहे का. त्या शिक्षिकेने शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना दाराआडचे कालनिर्णयच खिळ्यावरून काढून पिशवीत घातले होते. डॉक्टरांनी तिन्ही फाइली बाजूला ठेवल्या आणि आधी त्याची पाने उलटली.